कडक धर्मपंथ सोडल्यानंतरचे ध्यान: सत्याचा शोध पुढे जातो की जुनेच वळण परत येते?

अर्धविराम

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण तो तुकड्यांत विचारला तर अर्थ हरवेल, म्हणून एकत्रच मांडते.

माझी वाढ अशा एका धर्मपंथात झाली की जिथे प्रार्थनेच्या वेळा, वाचायची पुस्तके, मैत्री कोणाशी आणि लग्न कोणाशी हे सारे आधीच ठरलेले होते, आणि कोणत्याही चुकीपेक्षा शंका विचारणे हे मोठे पाप मानले जात असे. पंथाचे नाव मुद्दाम देत नाही. चर्चा त्या नावाभोवती फिरू नये अशी इच्छा आहे आणि घरचे लोक अजून त्यातच आहेत. काही वर्षांपूर्वी मी तो सोडला. कोणी छळले म्हणून नव्हे. ग्रंथात जे इतिहास म्हणून शिकवले होते ते इतिहास म्हणून टिकत नाही हे लक्षात आले, आणि एकदा लक्षात आल्यावर त्याकडे डोळेझाक करणे जमेना. गंमत अशी की सत्यापुढे बाकी सारे गौण आहे ही शिकवणही त्याच पंथाची. ती मी मनावर घेतली आणि म्हणूनच बाहेर पडले.

सत्याची ही ओढ पंथाबरोबर संपली नाही, म्हणून ध्यानाकडे वळले. श्वासावर लक्ष ठेवून रोज बसते. डोळे मिटून थोडा वेळ गेला की उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून सरकू लागतो, एकेक पेर मोजत, आणि लहानपणी पाठ केलेली वचने आतून सुरू होतात. मी ती म्हणत नसते, ती म्हटली जात असतात. पाठोपाठ छातीत धडधड सुरू होते: ही प्रार्थनेचीच बैठक आहे आणि मी तीत प्रार्थना करत नाही, म्हणजे अपराध दुप्पट. बुद्धीला यातले काहीही पटत नाही, पण शरीर बुद्धीला विचारून घाबरत नाही.

याच्या उलट एक अनुभवही आला. एका बैठकीत 'मी' म्हणून जो सतत बडबडत असतो तो काही काळ नव्हताच. भीती नव्हती, इच्छा नव्हती, आणि 'हेच खरे आहे' अशी खात्री मात्र होती. ती खात्री ओळखीची वाटल्यामुळेच मी अस्वस्थ झाले, कारण पंथात असताना सामूहिक प्रार्थनेत मला अगदी हेच जाणवले होते, आणि आपला मार्ग खरा असल्याचा हाच पुरावा असे तेव्हा सांगण्यात आले होते. आता त्या अनुभवाचे करायचे काय? तेव्हाचा खोटा आणि आताचा खरा म्हणावा, तर तो सोयीचा न्याय होतो. दोन्ही खोटे म्हणावेत तर ध्यानाला बसायचे कशासाठी?

शेवटची अडचण गुरूची. एका ध्यानगटात काही काळ जात होते. तिथल्या शिक्षकांनी एकदा सहज सांगितले, 'शंका हा मनाचा खेळ आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा.' वाक्य निरुपद्रवी असेल, पण मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. यात माझा जुना जखमी कान बोलत होता की शहाणपण, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी असा रस्ता चालून पाहिला आहे त्यांचे विचार वाचायला आवडतील.

काठावर

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन्ही त्याला जोडलेले आहेत असे मला वाटते. मीही एका कडक पंथातून बाहेर पडलो आहे आणि बरीच वर्षे ध्यानाला बसतो आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एडिनबरो येथे दिलेली व्याख्याने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांत त्यांनी गूढ अनुभवाची चार लक्षणे सांगितली आहेत. तो शब्दांत मावत नाही. काहीतरी 'कळले' अशी ठाम जाणीव तो देतो. तो फार काळ टिकत नाही. आणि तो आपण घडवला नसून आपल्यावर घडला असे वाटते. यांतल्या दुसऱ्या लक्षणाकडे नीट पाहा. 'हेच खरे आहे' ही खात्री त्या अनुभवाच्या ठेवणीतच असते. अनुभवाच्या आधी कोणते सत्य सिद्ध झाले होते म्हणून ती येत नाही. त्यामुळेच ती खात्री प्रार्थनासभेतही येते, एकट्याच्या बैठकीतही येते आणि परस्परविरोधी गोष्टी मानणाऱ्या माणसांना सारख्याच तीव्रतेने येते. जेम्स यांचा निष्कर्ष फार संयमित आहे. असा अनुभव ज्याला आला त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो आणि चालणारच, पण बाहेरच्या माणसाने तो निमूट मान्य करावा असे कोणतेही बंधन त्यातून निघत नाही. मात्र जागेपणीची तर्कबुद्धी ही जाणिवेची एकमेव तऱ्हा आहे हा दावाही त्या अनुभवांपुढे टिकत नाही.

तेव्हा 'तेव्हाचा खोटा की आताचा' हा पेच मुळात पडायलाच नको. दोन्ही अनुभव घडले, एवढे दोन्ही बाबतींत खरे आहे. खोटे असेल तर ते त्यावर चढवलेले विधान. पंथाने अनुभवाच्या पाठीवर आपला सारा ग्रंथ बसवला: तुला शांती मिळाली, म्हणून आमचा इतिहास खरा, आमचे नियम खरे, आणि आमच्याबाहेरचे सारे वाट चुकलेले. या 'म्हणून'ला काहीही आधार नव्हता. आता ध्यानाच्या अनुभवाला तुम्ही 'विश्व म्हणजे शुद्ध चैतन्य आहे' किंवा 'सारे भास आहे' असे काही जोडलेत, तर तोच निराधार 'म्हणून' नव्या कपड्यांत आत येईल. न जोडता तो अनुभव तसाच राहू देणे जमते, पण ते मनाला रुचत नाही, कारण आपल्याला लहानपणापासून प्रत्येक अनुभवाचे उत्तर तयार मिळत आलेले असते आणि रिकामी जागा दिसली की हात आपोआप जुन्या कप्प्याकडे जातो.

अनुभव आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार यांच्यावरून धर्मसंस्थांमध्येच किती रणे माजली आहेत हेही लक्षात घ्यावे. जर्मनीतले माइस्टर एकहार्ट हे चर्चच्या चौकटीत राहून बोलणारे धर्मोपदेशक होते, तरीही त्यांच्या २८ विधानांवर १३२९ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने ठपका ठेवला. बगदादमध्ये ९२२ साली सूफी साधक हल्लाज यांना देहान्त शासन झाले. संस्थेला अनुभव हवा असतो, तो फक्त तिच्या शब्दांत सांगितला जावा लागतो.

ध्यानातून मला जे मिळाले ते विश्वाचे सत्य नाही, आणि ते मिळेल असे म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. मिळाले ते असे की एखाद्या गोष्टीवर माझा विश्वास का बसू पाहतो आहे हे तो बसण्याच्या आधी दिसू लागले: भीतीने, एकटेपणाने, की खरोखरच पुरावा आहे म्हणून. माझ्यापुरता सत्यशोध यापुढे फारसा गेलेला नाही, आणि इतके पुष्कळ आहे असे मला वाटते.

साक्षेपी

वरील प्रतिसाद समतोल आहे, पण मूळ गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. सत्य शोधायचे असेल तर डोळे मिटून बसण्याचा त्याच्याशी संबंध काय? अर्धविराम, तुम्ही पंथ सोडला तो ध्यानात काही दिसले म्हणून सोडला नाहीत. ग्रंथातला इतिहास आणि बाहेरचा पुरावा यांचा मेळ बसत नाही हे तुम्ही वाचून, ताडून पाहून ओळखले. जी पद्धत एकदा उपयोगी पडली तीच पुढे वापरायची सोडून, ज्या अंतर्मनाच्या साक्षीने पंथाने तुम्हाला इतकी वर्षे बांधून ठेवले त्याच साक्षीकडे पुन्हा जाणे मला विसंगत वाटते.

ध्यानाने मन निवांत होते, हे मान्य. पण त्याचीही मापे घेतली गेली आहेत. २०१४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिक जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये ४७ चाचण्यांचा आणि एकूण ३,५१५ सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम स्वरूपाचा पुरावा असलेला लाभ दिसला. व्यायाम, औषधे किंवा इतर उपचार यांपेक्षा ध्यान सरस आहे असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे निवांतपणा हवा असेल तर रोज तासभर चालायलाही हरकत नाही, आणि चालताना अंगठा पेरे मोजू लागला तरी कोणाला अपराधी वाटत नाही.

सावकाश

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते आणि पंथ सोडून आलेल्या लोकांशी बोलण्याचे प्रसंग बरेच येतात. इथे निदान करणे योग्य नाही आणि मी ते करत नाही, पण अंगठ्याचा आणि छातीतल्या धडधडीचा जो भाग तुम्ही लिहिला आहे त्याकडे या चर्चेत कोणी पुरेसे पाहिले नाही असे वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे हे घडणे अगदी अपेक्षित आहे. तुमच्या शरीराने हजारो वेळा एकच क्रम गिरवला आहे: शांत बसणे, डोळे मिटणे, मोजणे, वचने म्हणणे, आणि त्यात खंड पडला तर भीती. तुम्ही या क्रमातला पहिला दुवा, म्हणजे शांत बसणे, पुन्हा सुरू केलात, तेव्हा पुढचे दुवे त्याच्या मागोमाग आले. यात श्रद्धा उरल्याचा पुरावा नाही आणि ध्यान बिघडल्याचाही नाही. अडचण होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे वचने आली की ती दाबायची, दाबता आली नाहीत की स्वतःला दोष द्यायचा, आणि मग बैठक 'शुद्ध' झाली की नाही हे तपासत बसायचे. हे तपासणे ही जुन्या पापमोजणीचीच सुधारित आवृत्ती आहे, फक्त पापाच्या जागी 'विचलित होणे' आले आहे. पंथ सोडलेल्या साधकांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता बैठकीचे वर्णन ऐकताना मी आधी हेच शोधते.

धार्मिक अपराधभावाने पछाडले जाण्याचा हा प्रकार फार जुना आहे आणि मानसोपचारात त्याला स्क्रुप्युलॉसिटी असे म्हणतात. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये मान्रेसा येथे राहत असताना याचा भयंकर त्रास भोगला. आयुष्यभराच्या पापांची लेखी कबुली देऊन झाल्यावरही काहीतरी सांगायचे राहिले असे वाटून ते पुन्हापुन्हा कबुलीला जात, आणि प्रत्येक कबुलीनंतर आणखी एखादी बारीकशी गोष्ट आठवे. यातून ते सुटले ते कबुली परिपूर्ण झाल्यामुळे नाही. जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही असा निश्चय त्यांनी केला. आज या त्रासावर जी उपचारपद्धती वापरली जाते तिचे मर्म याच्याशी बरेच जुळते: भीती येऊ द्यायची आणि तिला शांत करणारे कृत्य मात्र करायचे नाही. म्हणून वचने सुरू झाली तर होऊ द्या. अंगठा फिरतो आहे तर फिरू द्या, थांबवू नका आणि मोजणी पूर्णही करू नका. 'मी प्रार्थना करत नाही आहे ना' याची खात्री करून घेण्याचा मोह होईल. खात्री न करता उठा.

दुसरी गोष्ट बसण्याच्या पद्धतीची. श्वासावर लक्ष ठेवणे सर्वांना मानवते असा एक गोड गैरसमज आहे. ज्यांच्या भीतीचे पहिले लक्षण छातीत किंवा घशात उमटते त्यांनी लक्ष नेमके तिथेच नेऊन ठेवले तर भीती वाढू शकते. अशा वेळी डोळे अर्धवट उघडे ठेवावेत, पाठ भिंतीला टेकवावी, मांडीऐवजी खुर्चीवर बसावे, आणि लक्ष तळपायांच्या जमिनीशी होणाऱ्या स्पर्शावर किंवा बाहेरून येणाऱ्या आवाजांवर ठेवावे. मांडी, मिटलेले डोळे आणि मांडीवरचे हात ही तुमच्या शरीराच्या दृष्टीने प्रार्थनेची मुद्रा असेल, तर ती मुद्रा मोडण्यात काहीच गैर नाही. बैठक लहान ठेवा. धडधड वाढली तर उठून चाला. उठणे म्हणजे हरणे, हे समीकरणही तिथूनच आलेले असते.

साक्षेपी यांनी दिलेला आढावा योग्यच आहे. त्याला एक पुरवणी जोडते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखती घेऊन ध्यानातल्या अवघड अनुभवांची नोंद केली. भीती, चिंता, झोप उडणे, आपण स्वतःपासून तुटलो आहोत असे वाटणे, अशा गोष्टी त्यात आहेत. मुलाखतींसाठी असे अनुभव आलेलेच लोक निवडले होते, त्यामुळे हे किती जणांना होते याचे उत्तर त्या अभ्यासातून निघत नाही. पण असे होऊ शकते, आणि ते नेहमीच साधकाच्या कमकुवतपणामुळे होते असे नाही, एवढे त्याने स्पष्ट केले. लांबलचक मौनशिबिराला तूर्तास जाऊ नये असे मी सुचवेन. पंथातून नुकताच बाहेर पडलेला माणूस पुष्कळदा अशा शिबिरात सुखावतो, कारण घंटा, नियम, मौन आणि वेळापत्रक यांची त्याला सवय असते, आणि हे सुखावणे म्हणजे ध्यानातली प्रगती असे त्याला वाटू लागते.

तिसरे, थोडक्यात. मानसिक विकारांच्या वर्गीकरणासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या पुस्तिकेत १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी एक नोंद आहे. श्रद्धा गमावणे किंवा तिच्याविषयी प्रश्न पडणे यामुळे होणारा त्रास तिच्यात येतो, आणि तिला विकार न म्हणता मदतीला पात्र असलेली अडचण म्हटले आहे. 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' (कडक धर्मपंथामुळे किंवा तो सोडल्यामुळे झालेला मानसिक आघात) ही संज्ञा तुमच्या वाचनात आली असेल. ती मानसशास्त्रज्ञ मार्लिन विनेल यांनी २०११ मध्ये मांडली, तिचा उपयोग अनेकांना स्वतःचा त्रास समजून घेण्यासाठी होतो, पण ते अधिकृत निदान नाही. झोप, काम किंवा जेवण यांवर परिणाम होत असेल तर धर्म सोडण्याचा विषय हसण्यावारी न नेणाऱ्या आणि तुम्हाला परत धर्मात न ढकलणाऱ्या समुपदेशकाला अवश्य भेटा.

अर्धविराम

तिघांचेही आभार. सावकाश, 'खात्री न करता उठा' हे वाचून हसू आले, कारण मी प्रत्येक बैठकीनंतर नेमकी तीच खात्री करून घेत होते आणि तिला प्रामाणिकपणा म्हणत होते.

साक्षेपी, तुमचा आक्षेप मला टोचला आणि तो टोचायला हवाच होता. पंथ मी वाचून सोडला हे खरे. तरी वाचताना मी किती घाबरले होते आणि कितीदा पुस्तक मिटून ठेवले होते हेही खरे आहे. पुरावा हातात असूनही तो पाहण्याची हिंमत होत नसेल, तर ती हिंमत येण्यासाठी लागणारी स्थिरता कुठून आणायची? मला वाटते ध्यानाकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे, किंवा तेवढीच असायला हवी.

गुरूचा प्रश्न मात्र राहिला. शिवाय एक नवी अडचण उभी राहिली आहे. मी ध्यान करते हे आईला नातेवाइकांकडून कळले आणि ती फार आनंदली. 'पोरगी परत प्रार्थनेला बसू लागली' असे ती सर्वांना सांगते आहे. अनेक वर्षांनी ती माझ्याशी मोकळेपणाने बोलते आहे. आता तिला खरे सांगावे का?

दीर्घसूत्री

गुरूविषयी लिहितो, आईविषयी शेवटी.

अशा चर्चेत कोणीतरी कालाम सुत्ताचा, म्हणजे पाली ग्रंथांतल्या बुद्धांच्या एका उपदेशाचा, दाखला देतेच, म्हणून मीच देऊन टाकतो. मात्र त्याचा जो अर्थ सर्वत्र फिरतो तो अपुरा आहे. केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धांना विचारतात की इथे येणारा प्रत्येक श्रमण (फिरता संन्यासी) आपलेच मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे असे सांगतो, तर आम्ही काय धरावे? परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, 'हा श्रमण आमचा गुरू आहे' म्हणून काही स्वीकारू नका, असे उत्तर मिळते, आणि इथवरचा भाग बंडखोरांना फार आवडतो. पण त्याच यादीत केवळ तर्काने निघते म्हणून, अनुमानाने जुळते म्हणून, किंवा आपल्या आधीच्या मताशी जमते म्हणूनही स्वीकारू नका असे सांगितले आहे. म्हणजे गुरू नाकारून 'मला आतून पटले' एवढ्यावर जगणाऱ्यालाही तिथे सूट नाही. कसोटी म्हणून जे दिले आहे ते आचरणाचे आहे: लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की घटतो, त्यातून अहित होते की हित, आणि जाणती माणसे त्याची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः ओळखा. साक्षेपी यांनी मागितलेली पडताळणी ती ही नव्हे; इतिहास आणि विश्व यांविषयीच्या दाव्यांना वेगळा पुरावा लागतो. मात्र एखादी साधना किंवा एखादा गट आपल्याला काय करतो आहे हे पाहायला ही कसोटी चांगली आहे.

गुरू नकोच, या टोकाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. थिऑसॉफिकल सोसायटी या आध्यात्मिक संस्थेच्या नेत्यांनी जे. कृष्णमूर्ती यांना येऊ घातलेला जगद्गुरू ठरवून लहानपणापासून वाढवले आणि त्यांच्यासाठी १९११ मध्ये 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संघटना काढली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधील ओमेन येथे, सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंट आणि सुमारे तीन हजार सदस्य समोर बसलेले असताना, त्यांनी ती स्वतः विसर्जित केली. सत्य ही वाट नसलेली भूमी आहे आणि कोणतीही संघटना माणसाला तिथे नेऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कडक चौकटीतून बाहेर पडण्याचे इतके जाहीर उदाहरण दुसरे सहज सापडणार नाही. तरीही त्यानंतर १९८६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते बोलत राहिले आणि लोक त्यांना ऐकायला येत राहिले, आणि त्यांतल्या कित्येकांनी 'कोणालाही प्रमाण मानू नका' हे वाक्यच त्यांच्या नावाने प्रमाण मानले. माझ्या मते यात त्यांचा दोष शोधण्यापेक्षा आपली गरज ओळखावी. चौकट सोडलेल्या माणसाला चौकटीची भूक असते, आणि 'चौकट नाही' हीसुद्धा एक चौकट म्हणून त्याला पुरते.

म्हणून शिक्षक ठेवावा, पण त्याच्याकडून नेमके काय घ्यायचे याची हद्द ठरवून ठेवावा. तंत्र शिकवणारा माणूस हवा: बसावे कसे, झोप आली तर काय करावे, भीती आली तर कुठे लक्ष न्यावे. जगाचे स्वरूप काय, तुमचे लग्न कोणाशी व्हावे, मेल्यावर काय होते, हे त्याच्या कामाचे नाही. त्याने या गोष्टी आपल्याकडे ओढायला सुरुवात केली की सावध व्हावे. अमेरिकन मनोचिकित्सक रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये विचारबदलाच्या सक्तीवर लिहिताना अशा तयार वाक्यांची नोंद केली आहे की जी उच्चारताच पुढचा विचार थांबतो. 'शंका हा मनाचा खेळ आहे' हे वाक्य दोन तऱ्हेने वापरता येते. बैठकीत 'मी बरोबर बसले आहे का' असे वारंवार वाटणाऱ्या साधकाला ते सांगितले असेल, तर तो तंत्राचा सल्ला आहे, आणि सावकाश यांनी वेगळ्या शब्दांत तोच दिला आहे. पण शिकवणीविषयी किंवा गटाच्या कारभाराविषयी प्रश्न विचारणाऱ्याला तेच वाक्य ऐकवले असेल, तर तुमचा कान जखमी असेल, तरी बहिरा नाही. कोणत्या प्रश्नावर ते वाक्य आले होते हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आठवून पाहा.

गटात परत जायचे असेल तर जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. इथून सोडून गेलेल्या लोकांविषयी तुम्ही काय बोलता? आणि अर्धे शिबिर झाल्यावर मला जावेसे वाटले तर काय होते? पूर्ण मुदत थांबण्याचे वचन आधी घेणाऱ्या शिबिरांना त्यांची कारणे असतात आणि ती पटण्याजोगीही असू शकतात; पण वचन मोडणाऱ्याशी तिथे माणुसकीने वागतात की त्याला भीती घालतात, हे उत्तराच्या सुरावरून कळते. सोडून गेलेल्यांविषयी 'त्यांची तयारी नव्हती' एवढेच ऐकू आले, तर तुम्ही हे कुठे ऐकले आहे ते तुम्हाला सांगायला नको.

साक्षेपी

अर्धविराम, पाहण्याची हिंमत यावी म्हणून बसता, हे मला मान्य आहे. यापुढे मी तुम्हाला चालायला जा म्हणून सांगणार नाही. फक्त वाचन सोडू नका. ध्यान करणाऱ्या मंडळींमध्ये पुस्तकाला 'कोरडे ज्ञान' म्हणून हिणवण्याची खोड असते, आणि ज्याला एकेकाळी पुस्तके निवडून दिली जात होती त्याला ही खोड लागायला वेळ लागत नाही.

काठावर यांना एक प्रश्न विचारतो. विश्वास बसण्यापूर्वी तो का बसू पाहतो हे दिसते, असे तुम्ही म्हणता. ते खरोखर दिसते, की दिसते असे वाटते? स्वतःच्या मनाविषयीचा साक्षीदार आणि न्यायाधीश तुम्हीच आहात.

काठावर

साक्षेपी, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पडताळणीचा एकच मार्ग मी वापरतो: माझ्याविषयी मला जे 'दिसले' ते मला ओळखणाऱ्या दोन माणसांना सांगतो, आणि त्यांतला एक जण माझ्याशी सहसा सहमत होत नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मौनसभेत पुरोहिताशिवाय सगळे एकत्र शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो. पण एखाद्याला आतून जे उमगले ते इतरांनीही तोलून पाहायचे, अशी रीत त्यांच्यात सतराव्या शतकापासून चालत आली आहे. त्यांची श्रद्धा माझी नाही, पण ही रीत मला घेण्यासारखी वाटते. एकट्याने बसावे आणि निष्कर्ष मात्र एकट्याने काढू नयेत.

दीर्घसूत्री

आईचे राहिले होते. आईंना सारे सविस्तर सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही, आणि पंथ का सोडला याची चर्चा पुन्हा उघडण्याची तर मुळीच नाही. सर्व काही सांगून मोकळे झालेच पाहिजे, हीदेखील कबुलीची जुनी सवय असू शकते. पण त्या इतरांना जे सांगत आहेत ते खरे नाही, आणि काही महिन्यांनी ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळले तर आज मिळालेला मोकळेपणा जाईल आणि सोबत विश्वासही. तेव्हा लवकर आणि थोडक्यात सांगा: 'मी शांत बसते, त्याने मला बरे वाटते, पण ती आपली प्रार्थना नाही, तू माझ्याशी मोकळेपणाने बोलतेस ते मला आवडते, म्हणून तुझ्यापासून लपवत नाही.' फोनपेक्षा समोर बसून सांगितलेले बरे, आणि शक्यतो इतर नातेवाईक खोलीत नसताना, म्हणजे त्यांना रागवायचे असेल तर रागावता येईल आणि रडायचे असेल तर रडताही येईल. त्यांनी 'बैस माझ्याबरोबर' असे म्हटले आणि तुमची तयारी असली, तर त्या त्यांची वचने म्हणत असताना तुम्ही शेजारी गप्प बसू शकता. मात्र आधी सांगून मगच बसा.